माईकबाईचा आवाज

तिला सगळे माईकबाई म्हणायचे. बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक चिंचोळी खोली आहे. तिथे बसून एकोणीस वर्षं ती गाड्यांच्या घोषणा करत आली होती. खाली बारा फलाट आणि वर ती. समोर माईक, माईकला लाल बटण, उजव्या हाताला वेळापत्रकाची फळी, डाव्या हाताला फाटकावरून येणारा फोन. बोलताना पंखा बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर बाराही फलाटांवर ऐकू जाई. उन्हाळ्यात ती आठ तास घामाने निथळायची, पण खाली पोचणारा आवाज मात्र माठातल्या पाण्यासारखा गार असायचा. "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. प्रवाशांनी घाई करू नये." शेवटचं वाक्य नियमात कुठेच नव्हतं. ते तिने पदरचं जोडलं होतं, आणि कुठल्याही साहेबाने ते काढायला सांगितलं नव्हतं.

तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. दुकानात तिने तांदळाचा भाव विचारला की आजूबाजूची माणसं चमकून मागे बघायची आणि मग आपण का चमकलो ते न कळून पुन्हा आपल्या पिशवीत डोकं घालायची. तिला याची गंमत वाटे.

घरी ती, सासू आणि नवरा. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी होता. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पंधरा दिवस रस्त्यावर, तीन दिवस घरी. रस्त्यावर असला की रोज संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा. "काय, कसं काय?" तो विचारायचा. "सगळं ठीक," ती म्हणायची. मुलालाही तेच, नणंदेलाही तेच. "सगळं ठीक. तुम्ही काळजी करू नका."

आणि बरीच वर्षं ते खरंच ठीक होतं.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं, डॉक्टरांनी चालण्याची चौकट देऊन घरी पाठवलं, पण बाई काही पलंगावरून उठेनात. चार पावलं टाकायची म्हटलं की भीतीने घाम फुटायचा. सांभाळायला एक बाई ठेवून पाहिली. सासूबाईंनी तिला चार दिवसांत पिटाळून लावलं. "ती मला पिठाच्या पोत्यासारखी उलटीपालटी करते," अशी तक्रार होती. दुसरी आली ती दोनच दिवस टिकली. तेव्हा माईकबाईने कंबर कसली आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

पहाटे साडेचारला उठायचं. सासूबाईंना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, टाचेखाली उशी सरकवायची. आठवड्याच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा भरायचा. स्वयंपाक करायचा. थर्मासमध्ये चहा, हाताशी पाणी, पलंगाच्या कठड्याला दोरीने बांधलेला फोन. सातला खोलीत हजर. अकराला अर्ध्या तासाची सुट्टी मिळे, तेव्हा अकरा मिनिटं पळत घरी, आठ मिनिटं घरात, अकरा मिनिटं पळत परत. जेवण उभ्याउभ्या, एका हाताने. तीनला सुटली की पुन्हा तेच, उलट्या क्रमाने.

हे अकरा महिने चाललं.

तिचं तिलाच कळत होतं की काहीतरी बिनसतंय. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, जणू झोपेत कुणी दगड चावायला दिला होता. गॅस बंद केला का, हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत जायची. एकदा गोळ्यांच्या डब्यात तिने मंगळवारच्या खणात दोन दिवसांच्या गोळ्या भरल्या. सासूबाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी तिला रडू आलं होतं, पण दूध उतू जायला लागलं होतं, मग रडणं राहूनच गेलं.

त्यातच स्थानकात कुजबुज सुरू झाली होती की आता घोषणा करणारं यंत्र येणार. "तुम्हाला काय, बसल्या जागी आराम," तिकीट खिडकीवरचा म्हणाला. ती हसली. तेवढंच तिला जमलं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी घाटात एक गाडी बंद पडून रस्ता अडला होता. सकाळपासून सगळ्या गाड्या उशिरा. फलाटांवर तोबा गर्दी. फाटकावरचा फोन सारखा वाजत होता, वेळापत्रकाच्या फळीला काडीचा अर्थ उरला नव्हता. सुट्टीत घरी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. नाही उचलला. तिसऱ्यांदाही नाही.

तेवढ्यात खाणीकडची गाडी फलाट नऊवर लागली. तिने पंखा बंद केला, बटण दाबलं. लाल दिवा लागला, खाली टिंगटाँग झालं, शेकडो माना वर झाल्या. तिने तोंड उघडलं.

नुसती हवा आली.

तिने घसा साफ केला, पाणी प्यायलं, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टिंगटाँग. पुन्हा हवा. बाराही फलाटांवर तिचा श्वास ऐकू गेला. खाली कुणीतरी हसलं. एक म्हातारा हमाल डोक्यावरची ट्रंक खाली ठेवून वर काचेकडे बघत उभा राहिला.

स्थानकप्रमुख जिना चढून धापा टाकत आले. "काय झालं, बाई?" तिने गळ्याला हात लावला आणि मान हलवली. त्यांनी स्वतःच माईक हातात घेतला आणि खाणीकडची गाडी चुकून बंदराला पाठवली, पण तो गोंधळ निस्तरायला ती थांबली नाही. ती घराकडे पळत सुटली होती.

सासूबाई मजेत होत्या. चादर झटकताना फोनची दोरी सुटून फोन पलंगाखाली गेला होता, एवढंच. "मी हाका मारल्या त्याला," त्या म्हणाल्या, "पण तो काही वर येईना." मग सुनेचा चेहरा पाहून थबकल्या. "काय गं? अशी का उभी आहेस? बोल की."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ओठ हलत होते. शब्द एकही येत नव्हता.

घशाच्या डॉक्टरांनी नळीतून आत पाहिलं. पडद्यावर तिला तिच्या स्वतःच्या स्वरतंतूंची जोडी दिसली, पांढरट आणि ओली. "इथे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "सूज नाही, गाठ नाही. तुमचा गळा ठणठणीत आहे." तिने हातानेच विचारलं, मग? त्यांनी तिला खालच्या मजल्यावर पाठवलं, बोलण्याचे आजार बघणाऱ्या बाईंकडे.

ती बाई तिच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा आणि पाण्याने भरलेला काचेचा पेला. "जरा खोकून दाखवा," ती म्हणाली.

माईकबाई खोकली.

"ऐकलंत? खोकल्याला आवाज आहे. म्हणजे आवाज कुठे गेलेला नाही, तो घरातच आहे. आतून कडी लावून बसलाय."

माईकबाईने वहीत लिहिलं, "का?"

"ते मला तुम्हीच सांगायचं. घरी कोण कोण असतं?"

तिने लिहिलं. एक पान भरलं, दुसरं भरलं. लिहिता लिहिता तिचं तिलाच नवल वाटलं, कारण हे सगळं तिने ओळीने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या बाईने दोन्ही पानं सावकाश वाचली.

"आणि या सगळ्यात तुम्ही कशा आहात, असं कुणी विचारलं तर काय सांगता?"

तिने लिहिलं, "सगळं ठीक."

"बघा," ती बाई म्हणाली. "रडू येतं तेव्हा माणूस गळा आवळून ते दाबतो. कधीतरी चालतं. पण तुम्ही अकरा महिने गळा आवळून धरलाय. आता त्याला सोडायचं कसं तेच आठवत नाहीये. आपण शिकवू त्याला हळूहळू."

व्यायाम सोपे होते, पोरखेळ वाटावेत इतके. दिवसातून तीन वेळा गळ्यावर गरम टॉवेल. खांदे कानांपर्यंत उचलून सोडून द्यायचे. मुद्दाम मोठ्या जांभया द्यायच्या. आणि पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून त्यातून हुंकार देत बुडबुडे काढायचे. कुजबुजायचं अजिबात नाही, त्याने गळा आणखी आवळतो. जे सांगायचं ते लिहून.

"आणि आणखी एक," दाराशी आल्यावर ती म्हणाली. "रोज एक गोष्ट कुणाकडे तरी मागायची. छोटी का असेना. हाही व्यायामच समजा. सगळ्यांत अवघड हाच जाणार आहे तुम्हाला, आत्ताच सांगून ठेवते."

ते अगदी खरं होतं. पहिल्या दिवशी तिने शेजारच्या शिंपीणबाईंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली, "बाजारातून येताना एक ब्रेड आणाल का?" आणि चोरी केल्यासारखी पळून आली. तासाभराने ब्रेड घेऊन शिंपीणबाई स्वतः आल्या. "एवढंच? मी म्हटलं दिसतच नाहीत आताशा, शिष्ट झाल्या की काय." मग सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून त्या दीड तास बसल्या. तेवढ्या वेळात माईकबाईने आंघोळ केली, चांगली अर्धा तास, आणि आंघोळीत जांभयांचा व्यायामही करून घेतला.

संध्याकाळी साडेसातला नवऱ्याचा फोन आला. तिने उचलला आणि तशीच उभी राहिली. पलीकडे तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. तेव्हा पलंगावरून हात पुढे आला.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या आणि फोन कानाला लावला. "मी बोलतेय. तुझ्या बायकोचा आवाज गेलाय. हो, गेलाय म्हणजे गेलाय. डॉक्टर म्हणतात, दमलीय. मी अकरा महिने बघतेय रे, पण माझं कोण ऐकतं या घरात? तिला फोन देते. ती बोलणार नाही, तू बोल. तुला येतं ना बोलायला?"

त्यांनी फोन सुनेच्या हाती दिला. मग तो म्हणाला, "असं करू. हो असेल तर एकदा नखाने टकटक कर. नाही असेल तर दोनदा. जेवलीस का?"

टक.

"मी माल उतरवतो आणि परत फिरतो. चालेल?"

तिचं बोट दोनदा वाजवायला उचललं गेलं. एवढ्या लांबचा फेरा, मालक काय म्हणेल, कशाला उगाच, हे सगळं त्या बोटात होतं. मग तिला व्यायाम आठवला.

टक.

त्यानंतर तो पंधरा मिनिटं बोलत राहिला, लग्नानंतर कधी बोलला नव्हता इतका. रस्त्यात दिसलेल्या सूर्यफुलांच्या शेताबद्दल, एका ढाब्यावरच्या लंगड्या मांजरीबद्दल. आणि शेवटी अडखळत, की रोज "सगळं ठीक" ऐकून फोन ठेवला की त्याला वाटायचं, आपल्यावाचून घराचं काहीच अडत नाही. तिने नुसता फोन कानाशी दाबून धरला.

त्या दिवसापासून सासूबाईंच्या अंगात बळ आलं. घराचा सगळा तोंडी कारभार त्यांनी ताब्यात घेतला. दूधवाल्याशी त्या पलंगावरून बोलू लागल्या, स्थानकप्रमुखांना त्यांनी फोनवर बजावलं की, "आमच्या मुलीला महिनाभर त्रास देऊ नका." आमच्या मुलीला, असं म्हणाल्या. सुनेने वहीतून मान वर केली, पण त्या तोवर पुढच्या विषयाला गेल्या होत्या.

एका दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं. "तुझा गळा नाही, माझा पाय नाही. दोघी मिळून एक धड बाई होते की नाही बघू. ती चौकट आण."

चालण्याची चौकट कोपऱ्यात होती. तिच्यावर अकरा महिने टॉवेल वाळत घातले जात होते. माईकबाईने वहीत घाईघाईने लिहिलं, "पडाल! राहू द्या."

"हेच," सासूबाई म्हणाल्या. "मी उठते म्हटलं की हेच. राहू द्या आई, पडाल आई, मी करते आई. तुला घाई असायची, आणि मला भीती असायची, तेव्हा मीही मुकाट्याने राहू द्यायचे. तुझी चूक नाही गं. पण पडून पडून मला काय वाटायला लागलं माहितेय? की ही पोर माझ्यापायी झिजून जाणार आणि मी मेली मरत नाही."

त्यांचे डोळे भरून आले. माईकबाईने वही खाली ठेवली. टॉवेल काढले, चौकट आणली, सासूबाईंच्या काखेत हात घातला. त्या दिवशी त्या दोन पावलं चालल्या आणि मटकन बसल्या. दुसऱ्या दिवशी तीन.

सगळ्यांत अवघड मागणी तिने आठवडाभर टाळली होती. नणंद मोठी होती, दोन तासांवरच्या गावात तिचं केस कापण्याचं दुकान होतं. दोघींमध्ये भांडण असं कधी झालं नव्हतं, पण ऊबही नव्हती. नणंद महिन्यातून एकदा यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची, चहा प्यायची, जायची. माईकबाईला वाटे, ही माझी परीक्षा घ्यायला येते. म्हणून ती यायच्या आधी ती फरशी दोनदा पुसायची.

तिने फोनवर निरोप टाइप केला. खोडला. पुन्हा केला. चहा गार झाला. शेवटी एवढंच उरलं, "ताई, मला जमत नाहीये. येता का?"

पाठवून तिने फोन उशीखाली लपवला. मिनिटभरात तो थरथरला. "निघाले."

नणंद आली ती दुकानाची पिशवी खांद्यावर घेऊनच. दारातच तिने भावजयीला आपादमस्तक न्याहाळलं आणि जे साठलं होतं ते बाहेर पडलं. "अकरा महिने! अकरा महिने मी विचारतेय, मी येऊ का, काही करू का. आणि तू आपली, सगळं ठीक ताई, सगळं ठीक. मला काय वाटत असेल? माझी आई आहे ती. तिच्या उशाशी बसायला मला तुझी परवानगी लागायची का? मला वाटायचं, तुला मी घरात नकोच आहे."

माईकबाईला ओरडून सांगावंसं वाटलं, तसं नाही हो ताई, तुम्ही मला नावं ठेवाल अशी भीती वाटायची. पण आवाज नव्हता आणि वही स्वयंपाकघरात होती. त्यामुळे तिला नुसतं ऐकावं लागलं. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की समोरची बाई रागावलेली नाही, दुखावलेली आहे. तिने पुढे होऊन नणंदेच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

नणंदेने डोळे पुसले, बाह्या वर केल्या. "गरम पाणी ठेव. आईच्या केसांची काय दशा झालीय."

पलंगावर प्लास्टिक अंथरून, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल देऊन, तिने आईचे केस धुतले. तांब्याने बारीक धार सोडत होती, एक थेंब कानात जाऊ देत नव्हती. धुऊन झाल्यावर कात्री काढली आणि गुंता झालेले केस मानेपर्यंत कापून टाकले. सासूबाईंनी आरशात पाहिलं. "शाळेतली दिसतेय की मी," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ आरसा खाली ठेवला नाही.

"आता तू," नणंद म्हणाली.

माईकबाईने मान हलवली, नको नको.

"बस म्हटलं ना."

ती न्हाणीघरात स्टुलावर मागे मान टाकून बसली. नणंदेची बोटं डोक्यावरून फिरू लागली. कानांमागून, मानेच्या कण्यावरून, जिथे दगडासारखी गाठ झाली होती तिथे थांबून, पुन्हा वर. तिच्या डोक्याला असा हात याआधी कधी कुणी लावला होता, ते तिला आठवेना. आई होती तेव्हा. म्हणजे वीस वर्षं तरी झाली. तांब्यातून काय आणि डोळ्यांतून काय वाहतंय ते वेगळं कळत नव्हतं. नणंदेला कळलं असावं. तिने जरुरीपेक्षा दोन तांबे जास्त ओतले.

नणंद चार दिवस राहिली. ती आली त्याच रात्री नवराही पोचला. त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि सगळ्यांना सलग तीन दिवस करपलेला भात खायला घातला.

चौथ्या दिवशी दुपारी माईकबाई पेला आणि नळी घेऊन बुडबुड्यांना बसली. सासूबाई शेजारी, चौकटीला धरून खुर्चीवर. "रोज बघते मी," त्या म्हणाल्या. "यात काय अवघड आहे? दे मला." त्यांनी दुसरा पेला मागवला, नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि सगळा जोर लावून फुंकर मारली. पाण्याचा फवारा उडाला, नणंदेचं तोंड भिजलं, आणि पाठोपाठ सासूबाईंची वरची कवळी सुटून टुण्णदिशी पेल्यात पडली.

कवळी पेल्याच्या तळाशी हसत होती.

"माझे दात!" सासूबाई बोबड्या ओरडल्या. "पोहायला लागले!"

आणि माईकबाई हसली. आधी खांदे हलले, मग पोट, मग आतून कुठून तरी घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज वर आला. हा हा हा. तिने दचकून तोंडावर हात ठेवला. नणंदेने तिचा तो हात खाली ओढला. "थांबू नकोस! हस!" ती हसत राहिली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही, मोठ्याने, लहान पोरासारखी, आवाज काढून. नवरा उलथणं हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याला हातानेच खूण केली, राहू दे, रडू दे तिला.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. "आई," ती म्हणाली. शब्द निम्मा फाटलेला होता, पण होता. "तुमचे दात."

पुढे सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. आवाज सकाळी यायचा, दुपारी जायचा. दोन महिने तिला त्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जावं लागलं. घरात एक ठरलं. सोमवार आणि गुरुवार नणंदेचं दुकान बंद असे, ते दोन दिवस आईचे आणि लेकीचे. माईकबाई कामाला जाऊ लागल्यावर बाकी दिवशी अकरा वाजता शिंपीणबाई शिवणकाम घेऊन येऊन बसायच्या, आणि ती आपला डबा स्थानकामागच्या बाकावर बसून खायची. पहिले काही दिवस तिला त्या अर्ध्या तासात काय करावं ते समजेना. पाय आपोआप पळायला बघायचे. मग हळूहळू बसायला जमलं.

नवऱ्याने जवळच्या फेऱ्या मागून घेतल्या. फोन करायची गरज उरली नाही, तरी लांब गेला की अजूनही तो साडेसातला फोन करतो, आणि "कशी आहेस?" विचारल्यावर ती कधीकधी म्हणते, "आज बरी नाहीये. आज फार चिडचिड झाली." मग तो "का गं?" म्हणतो आणि ऐकतो.

सहा आठवड्यांनी ती कामावर परतली. पंखा बंद केला, बटण दाबलं. आवाज पूर्वीपेक्षा एक पायरी खाली उतरला होता, कडेला थोडा खरबरीत. डोंगरावरची गाडी फलाट क्रमांक दोनवर, एवढं म्हणून तिने खाली पाहिलं. कुणाला काही फरक पडला नव्हता. माणसं पिशव्या उचलून फलाट दोनकडे निघाली होती. तिला बरंच वाटलं.

यंत्र आलंच, पुढच्या वर्षी. ते गाड्यांची नावं एकेक शब्द तोडून बोलतं. तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. सुरुवातीला तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण खिडकीत समोर माणसं असतात, त्यांचे चेहरे दिसतात, आणि यंत्र काय म्हणालं ते विचारायला निम्मं स्थानक तिच्याकडेच येतं. मध्ये एकदा मुलगा आजारी पडला तेव्हा तिचा आवाज पुन्हा दोन दिवस गेला. या वेळी ती घाबरली नाही. तिने वही काढली, नणंदेला कळवलं आणि पेला भरून घेतला.

सासूबाई आता चौकट धरून गच्चीपर्यंत जातात आणि तिथून खालच्या गल्लीवर देखरेख ठेवतात.

गेल्या उन्हाळ्यात माईकबाईने चार दिवसांची रजा काढली. आईंजवळ नवरा थांबला आणि ती नणंदेच्या गावी गेली, एकटी, छोटी बॅग घेऊन. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ती सवयीने भांडी घासायला उठली. नणंदेने तिला खांद्याला धरून आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला, पंखा लावला.

"पड जरा."

"पाचच मिनिटं हं, ताई."

ती पडली. बाहेर दुकानात एक गिऱ्हाईक मोठमोठ्याने काहीतरी सांगत होतं. नणंदेने त्याला "हळू बोला हो, आत आमची भावजय झोपलीय," असं म्हटलेलं तिला अर्धवट ऐकू आलं. मग कात्रीचा आवाज तेवढा राहिला, मग तोही नाही. उन्हं उतरली, दुकान बंद झालं, नणंदेने दोनदा दार किलकिलं करून पाहिलं आणि दोन्ही वेळा चहाचं आधण पुन्हा खाली उतरवून ठेवलं.